थाउजंड आयलंड्सला निघताय? बॅग भरताना या चुका टाळा

बेटं म्हटली की आपल्याला समुद्रच आठवतो आणि बॅग अलिबागला निघाल्यासारखी भरली जाते: शॉर्ट्स, चपला, टोपी, सनस्क्रीन. न्यू जर्सी असो वा टोरांटो, लाँग वीकेंडला सेंट लॉरेन्स नदीकडे निघणाऱ्या बहुतेक मराठी गाड्यांच्या डिकीत हेच सामान असतं. पण थाउजंड आयलंड्सची ही १,८६४ बेटं या नदीच्या गोड्या पाण्यातली आहेत, अमेरिका आणि कॅनडा यांच्यात वाटली गेलेली आहेत आणि त्यांतली बरीचशी झाडीनं भरलेली आहेत. बॅग भरताना या तिन्ही गोष्टींचा विचार हवा.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पासपोर्ट हॉटेलवर ठेवून बोटीवर जाणं. हार्ट आयलंडवरचा बोल्ट कॅसल सगळ्यांनाच बघायचा असतो. न्यूयॉर्कचं वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेल चालवणाऱ्या जॉर्ज बोल्टनं तो बायकोसाठी बांधायला घेतला आणि १९०४ मध्ये ती वारल्यावर काम तिथेच थांबवलं. हे बेट अमेरिकेत आहे. कॅनडातल्या गॅनानॉक्वे किंवा रॉकपोर्टहून येऊन तिथे उतरायचं तर पासपोर्ट लागतो आणि भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसाही. अमेरिकेतल्या अलेक्झांड्रिया बेहून गेलात तर सीमा ओलांडावी लागत नाही. व्हिसा नसेल तर न उतरता नुसती फेरी मारणाऱ्या बोटीचं तिकीट काढा, तीही छान असते. आई-बाबा भारतातून आले असतील तर दोन देशांना जोडणाऱ्या पुलापलीकडे जाण्याआधी त्यांना परत येता येईल की नाही, ते व्हिसावर नीट बघून घ्या. फोन काठावरूनसुद्धा पलीकडच्या देशाचा टॉवर पकडतो, म्हणून रोमिंग बंद ठेवा.

दुसरी चूक: डासांचं औषध घेतलं म्हणजे झालं असं समजणं. इथली खरी डोकेदुखी गोचीड आहे. काळ्या पायांची ही गोचीड लाइम रोग (चाव्यातून होणारा जिवाणूंचा संसर्ग) पसरवते आणि हा पट्टा तिच्यासाठी चांगलाच प्रसिद्ध आहे. तिची पिल्लं खसखशीएवढी असतात, चावली तरी कळत नाही. त्यामुळे पायवाटेवर फिरायचं असेल तर फिक्या रंगाची फुल पॅंट, लांब मोजे आणि डीट किंवा इकारिडिन हे कीटक पळवणारं रसायन असलेलं औषध हवंच. पॅंट मोज्यांत खोचा. फोटोत ध्यान दिसेल, दिसू दे. बारीक टोकाचा चिमटा जरूर घ्या. गोचीड दिसलीच तर कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. तेल, काडेपेटी असले घरगुती उपाय नकोत. चोवीस तासांच्या आत काढली तर धोका बराच कमी होतो, म्हणून रोज रात्री मुलांच्या काखा, गुडघ्यामागची बाजू आणि केसांची मुळं तपासा. नंतर अंगावर पसरत जाणारा लाल चट्टा उठला किंवा ताप आला तर थेट डॉक्टरकडे जा.

पाणी नितळ दिसतं म्हणून अनवाणी उतरू नका. झेब्रा शिंपल्यांमुळे पाणी स्वच्छ झालं खरं, पण तेच शिंपले दगडांना चिकटलेले असतात आणि पाय कापतात. चप्पल पाण्यात निसटते, म्हणून पायात घट्ट बसणारे वॉटर शूज घ्या. मे-जूनमध्ये पाणी चांगलंच थंड असतं आणि भर उन्हातही बोटीच्या डेकवर वाऱ्यानं हुडहुडी भरते. एक विंडचीटर हातातल्या पिशवीत असू द्या, डिकीत नको. कायाक (वल्ह्याची छोटी होडी) घेणार असाल तर लहान मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट आधी फोन करून विचारा. ऐनवेळी नेमकं तेच मिळत नाही.

कॅनडाच्या नॅशनल पार्कमधल्या बेटांवर तंबू ठोकणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथे नळ नाही, दुकान नाही. प्यायचं पाणी भरून न्या, नाहीतर नदीचं उकळून घ्या. कचऱ्याच्या पिशव्या जास्तीच्या ठेवा, कारण सगळा कचरा परत आणावा लागतो. सरपण मात्र घरून नेऊ नका: लाकडातून झाडं मारणारी कीड पसरते. चिवडा-लाडवांचे डबे घट्ट झाकणाचे हवेत, रकून (मांजराहून थोडा मोठा, खाणं चोरणारा इथला प्राणी) पिशव्या सहज फाडतात. हेच डबे पुलावरून पलीकडे नेणार असाल तर ताजी फळं आणि मटण-चिकन घरीच ठेवा आणि अधिकाऱ्यानं विचारल्यावर लाडवांसकट सगळं सांगा.