सर्फबोर्ड घेताना लांबीआधी लिटर बघा
बोर्ड किती फुटी, हे सगळेच विचारतात. नवख्याला तारतो तो व्हॉल्यूम, म्हणजे बोर्डाच्या आकारमानाचा लिटरमधला आकडा. बऱ्याच बोर्डांवर तो लांबी-रुंदीशेजारीच छापलेला असतो. शिकताना वजनाच्या किलोंइतके लिटर किमान धरा: ७० किलोंना ७० लिटर, थोडे जास्त असले तर उत्तमच. ८ फुटी, २२ इंच रुंद फोमबोर्ड साधारण यात बसतो.

खरी परीक्षा पाण्यात. पोटावर झोपून हात मारताना बोर्डाचं नाक पाण्यापासून दोन-तीन बोटं वर हवं. बुडत असेल तर आधी थोडं मागे सरका. तरीही छातीखालचा भाग पाण्याखाली जात असेल तर बोर्डच लहान आहे. असा बोर्ड वेग घेत नाही, लाट खालून निघून जाते आणि खापर फुटतं हातांवर.

न फुटलेली लाट स्वतः पकडून तिरकं जाता आलं की बोर्ड लहान करा, तोही एका वेळी पाच-सात लिटरनेच. एकदम ६ फुटी शॉर्टबोर्ड म्हणजे पुन्हा श्रीगणेशा! लांबी घटवताना रुंदी राखा, अरुंद बोर्ड उभं राहताना डुगडुगतो. जाड वेटसूट (थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख) घालणार असाल तर दोन-तीन लिटर वाढवूनच घ्या.