आधी अँपिअर मोजा, मग बॅटरी घ्या

माझा धंदा मोटारी भरायचा. परभणीत दुकान आहे, बोअरच्या आणि विहिरीच्या जळालेल्या मोटारी येतात, जुनी तार काढायची, नवी भरायची. रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाचा नाद लागला भाच्यामुळं. बारावीच्या सुट्टीत त्यानं थर्माकोलचं सव्वा मीटर पंखाचं विमान केलं आणि विचारलं, "मामा, बॅटरी कोणती घेऊ?" मी म्हणालो, "मोठी घे, सारखं चार्जिंग नको."

त्यानं ५००० एमएएचची घेतली. वजन ४०० ग्रॅम. विमान बिनबॅटरीचं ७२० ग्रॅमचं होतं. सोयाबीन काढलेल्या रानात हातानं सोडलं, उडालंही, पण पहिल्याच वळणाला एका अंगावर कलंडलं आणि नाकावर ढेकळांत गेलं. पंख तेवढाच आणि ओझं वाढलं की हवेत राहायला वेग जास्त लागतो. वळणात तो कमी पडला. चूक लेकराची नव्हती, माझी होती. कारण दुकानात मी शेतकऱ्याला असं कधी सांगत नाही. केबल मागायला आला की आधी विचारतो, मोटार किती एचपीची, बोअर किती फूट. तेच डोकं विमानाला लावायला पाहिजे होतं.

तर पहिलं काम, तुमची मोटार पूर्ण थ्रॉटलला किती अँपिअर ओढते ते बघा. दुकानातला नेहमीचा क्लॅम्प मीटर इथं चालत नाही. तो एसीचा असतो, बॅटरीच्या तारेवर शून्यच दाखवतो. मी अर्धा तास मीटरलाच शिव्या घातल्या, मग लक्षात आलं. डीसी मोजणारा क्लॅम्प घ्या, नाहीतर बॅटरी आणि ईएससीच्या (मोटारीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या सर्किटच्या) मध्ये लावायचा वॉटमीटर घ्या. विमान दोघांनी मागून घट्ट धरा, पंख्याच्या रेषेत कुणी उभं राहू नका.

आमची मोटार २२१२ मापाची, १००० केव्हीची (केव्ही म्हणजे बिनओझ्याची एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे), त्यावर १० बाय ४.५ इंची पंखा. चार्ज केलेल्या ३एस, म्हणजे तीन सेलच्या बॅटरीवर मीटरनं ११.४ व्होल्ट, १४ अँपिअर दाखवले. म्हणजे साधारण १६० वॉट. शिकाऊ विमानाला किलोमागं दीडशे ते दोनशे वॉट पुरतात. बॅटरीसकट विमान ९०० ग्रॅमचं धरलं तर आमचं १७८ च्या आसपास येतं. म्हणजे बॅटरीला जागा उरली १८० ग्रॅमची, आणि एवढ्या वजनात ३एस २२०० एमएएच बसते. बॅटरी अशी हिशोबातून निघाली पाहिजे.

आता लेबल. "३एस २२०० एमएएच २५सी" असं छापलेलं असतं. ३एस म्हणजे तीन सेल एकापुढं एक. एका लिपो (लिथियम पॉलिमर) सेलचे सरासरी ३.७ व्होल्ट, भरल्यावर ४.२, म्हणून तिघांचे ११.१ आणि भरून १२.६. एमएएच म्हणजे हौद केवढा. सी म्हणजे हौदाला पाइप किती इंची. २२०० एमएएच म्हणजे २.२ अँपिअर-तास, त्याला गुणिले २५ केलं की ५५ अँपिअर येतात. कागदावर.

सीचा आकडा हा लिपोच्या बाजारातला सगळ्यात खोटा आकडा आहे. मी निम्माच धरतो. ५५ चे २७ झाले तरी आम्हाला १४ पाहिजेत, म्हणजे चाललं. एकदा ऑनलाइन ४०सी छापलेली स्वस्तातली बॅटरी मागवली. १४ अँपिअरला तिचे सेल ३.२ वर आले, चांगल्या बॅटरीचे त्याच लोडला ३.८ च्या आसपास होते. पुढं वजन केलं तर १३० ग्रॅम! २२०० ची तीन सेलची बॅटरी १७० ते १९० ग्रॅम भरायला पाहिजे. वजन खोटं छापता येतं, पण तराजूवर लपत नाही. तेव्हापासून पार्सल फोडलं की बॅटरी आधी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर जाते. बायकोनं आता त्या काट्याला कणीक लावणं सोडलंय.

किती वेळ उडेल? हौद रिकामा करायचा नाही, ८० टक्केच वापरायचा. २२०० चे १७६० झाले. अर्ध्या-पाऊण थ्रॉटलवर सरासरी ८ अँपिअर धरले तर तेरा मिनिटं. आम्ही टायमर दहावर लावतो, उतरताना वारा फिरला तर एक फेरी हाताशी राहते. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला तर त्याची ताकद कायमची जाते. म्हणून बॅलन्सच्या पांढऱ्या प्लगला, जिथं प्रत्येक सेलची वेगळी तार येते, छोटा अलार्म लावा आणि ३.५ वर ठेवा.

भाच्याचं पुढचं म्हणणं, "४एस लावली तर लई पळंल." पळतं. पण यात माझा धंदा आहे, म्हणून ऐका. व्होल्टेज एक तृतीयांश वाढलं की फेरे जवळपास तेवढेच वाढतात, पण पंखा फिरवायला लागणारे वॉट फेऱ्यांच्या घनानं वाढतात. पंपाच्या पंख्याचंही असंच. तीनाचे चार सेल झाले की वॉट दुपटीच्या वर जातात. आमच्या १४ चे २५ अँपिअर झाले असते. ३० अँपिअरचा ईएससी एखाद वेळेस सोसेल, २२१२ ची बारीक तार नाही. वार्निश जळाल्याचा वास मला झोपेतसुद्धा ओळखू येतो. ४एस लावायचीच असेल तर पंखा लहान करा किंवा कमी केव्हीची मोटार घ्या, आणि पुन्हा मोजा.

फवारणी पंपातला लिथियमचा डबा विमानात बसवायची कल्पना गावाकडं बऱ्याच पोरांना सुचते. बारा व्होल्ट आहे, घरात आहे, फुकट आहे. नका करू. त्यातले सेल सावकाश वीज द्यायचे असतात, आणि आत एक सर्किट असतं, जे जास्त अँपिअर ओढले की लाइन तोडतं. जमिनीवर पंप बंद पडतो, एवढंच. हवेत त्याच बॅटरीवर रिमोटचा रिसीव्हरही चालतो. म्हणजे मोटार थांबते आणि सुकाणूही हातातून जातं. लॅपटॉपमधून काढलेल्या गोल सेलांची एकेरी ओळही १४ अँपिअरला तशीच कोलमडते.

बॅटरी घेताना तिच्या प्लगकडं बघा. आम्ही सगळीकडं पिवळा एक्सटी ६० च ठेवला, उलटा लागतच नाही. डाग देताना एक तार टेपनं झाकूनच दुसरीला हात लावा. दोन्ही उघड्या एकमेकींना लागल्या की वेल्डिंगच होतं.

आपल्याकडचं ऊन वेगळं सांगायला नको. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर बॅटरी विसरलात तर ती फुगणारच. डिसेंबरात उलटं. सकाळी पारा खाली असला की गार बॅटरीचा जोर पडतो, म्हणून उडवायच्या आधी अर्धा तास स्वेटरच्या आत ठेवतो. आठवड्याहून जास्त पडून राहणार असेल तर सेल ३.८ वर आणून ठेवा, भरलेली ठेवू नका.

चार्जर बॅलन्सवालाच, म्हणजे सगळे सेल सारखे भरणारा घ्या, आणि १२ व्होल्टवरही चालणारा, म्हणजे लाइट गेली तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावता येतो. २२०० ला २.२ अँपिअर द्या, त्याहून जास्त नाही. आमची बॅटरी अंगणात, तोंड फुटलेल्या माठात, तळाला कोरडी वाळू घालून चार्ज होते, आणि तोवर कुणीतरी बाजूला बसतं.

फुगलेली बॅटरी उडवायची नाही. पिन मारून हवा काढायची तर मुळीच नाही. तिला बाहेर वाळूत ठेवून गाडीचा १२ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब जोडा. बल्ब पिवळा होत होत विझतो. तो तसाच दुसऱ्या दिवसापर्यंत राहू द्या, मग प्लग कापून, टोकांना टेप लावून बॅटरी ई-कचरा घेणाऱ्याला द्या. तो खोट्या ४०सीवाल्या बॅटरीचा बल्ब आमच्याकडं पाऊण तासात विझला होता.