आर्काइव्ह सर्व्हरवर आउटलुक टाकताना: सोलापुरातल्या नवख्या ॲडमिनसाठी

सिस्टम ॲडमिनच्या कामात नुकतेच आलेल्यांसाठी हे लिहितेय. एक्स्चेंज, डोमेन, सर्व्हिस अकाउंट हे तुम्हाला माहीत आहे असं धरते. ईमेल आर्काइव्हच्या सर्व्हरवर आउटलुक टाकायचं काम बहुतेक वेळा नव्या माणसाच्याच गळ्यात पडतं, कारण वरून ते अगदीच किरकोळ दिसतं. सेटअप चालवा, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. मला मात्र या एका कामाने जेवढं रडवलं तेवढं दुसऱ्या कुठल्याच कामाने नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

आमच्याकडे एंटरप्राइझ व्हॉल्ट आहे, म्हणजे जुने मेल जपून ठेवणारं आर्काइव्हचं सॉफ्टवेअर. काम अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्याचं. तिथे मेल म्हणजे नुसता निरोप नसतो. कापडाचा जीएसएम (दर चौरस मीटरचं वजन) किती, कडेची पट्टी किती रुंद, शेड कोणती मंजूर, सगळं मेलवर ठरतं. माल पोहोचल्यावर परदेशी ग्राहक म्हणतो, हा निळा आम्ही मागितलाच नव्हता. मग एक्सपोर्टच्या मॅडम आर्काइव्हमधून जुना मेल काढतात, त्यात लॅब-डिपचा (मंजुरीसाठी रंगवलेल्या कापडाच्या नमुन्याचा) नंबर आणि ‘अप्रूव्हड’ असा शब्द असतो, आणि कंटेनरभर मालाचे पैसे वाचतात. आर्काइव्हिंग बंद पडलं तर काय जातं, हे मला त्या मॅडमच्या टेबलाशी उभं राहून कळलं.

आता मुद्द्यावर येते. आर्काइव्ह सर्व्हरवर आउटलुक कुणी मेल वाचायला टाकत नाही. व्हॉल्टची सर्व्हिस एक्स्चेंजमधला मेलबॉक्स मॅपीमार्फत (प्रोग्रामने मेलबॉक्सशी बोलायची मायक्रोसॉफ्टची पद्धत) उघडते, आणि त्यासाठी लागणाऱ्या मॅपीच्या फाइली आउटलुकसोबत येतात. आउटलुक हवं ते त्या फाइलींसाठी. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं होतं.

मी काम हाती घेतलं तेव्हा आउटलुक आधीच टाकलेलं होतं. उघडत होतं, मेल जात होता, येत होता. त्यामुळे त्यावर कुणाचाच संशय नव्हता. आर्काइव्हिंगचा टास्क मात्र सुरू व्हायचा आणि पडायचा. इव्हेंट लॉग म्हणायचा, मेलबॉक्समध्ये लॉगऑन होत नाही. लॉगऑन म्हटलं की सगळे परवानग्यांकडे धावतात. सर्व्हिस अकाउंटचे हक्क तपासा, पासवर्ड बदला, डीएनएस बघा. मधूनच डिफॉल्ट मेल क्लायंट नसल्याची खिडकी यायची, म्हणून आउटलुक डिफॉल्ट करा, पुन्हा करा. फरक शून्य.

घोडं पेंड खात होतं ते ६४-बिटपाशी. सर्व्हरवरचं आउटलुक ६४-बिट होतं आणि आमच्या व्हॉल्टच्या मेल वाचणाऱ्या प्रोसेस ३२-बिट. विंडोज सर्व्हर ६४-बिट असला तरी ३२-बिट प्रोसेसला ६४-बिट डीएलएल (प्रोग्रामने आत घ्यायची कोडची फाइल; मॅपीच्या त्या फाइली याच) लोड करता येतच नाही. परवानग्या कितीही द्या, डिफॉल्ट कितीदाही करा, तो दरवाजा उघडत नाही. आउटलुक स्वतः मात्र झकास चालतं, कारण त्याची प्रोसेस आणि त्याची डीएलएल दोन्ही ६४-बिट असतात. म्हणून कळकळीने सांगते: आउटलुक उघडलं, मेल गेला, ही या सर्व्हरवरची चाचणी नव्हेच. चाचणी एकच, व्हॉल्टच्या टास्कने एक मेलबॉक्स खरोखर आर्काइव्ह केला का.

हे तपासायला दोन मिनिटं लागतात. आउटलुकमध्ये फाइल, ऑफिस अकाउंट, अबाउट आउटलुक. वरच्याच ओळीत ३२-बिट की ६४-बिट ते लिहिलेलं असतं. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये प्लॅटफॉर्म हा कॉलम लावला की व्हॉल्टच्या प्रोसेसचंही कळतं. आणखी एक: इन्स्टॉलच्या फोल्डरमध्ये एक्स८६ आणि एक्स६४ असे दोन भाग असतात. ३२-बिट म्हणजे एक्स८६. मोठा आकडा बघून भलतीकडे जाऊ नका.

यालाच चिकटलेली दुसरी गोष्ट म्हणजे इन्स्टॉलरचा प्रकार. जुना एमएसआय, म्हणजे विंडोजचा पारंपरिक सेटअप, आणि नवा क्लिक-टू-रन, जो स्वतःच अपडेट होत राहतो. आमच्या व्हॉल्टच्या आवृत्तीला एमएसआयच लागत होता. ऑफिस २०१६ ची व्हॉल्यूम (कंपन्यांच्या घाऊक लायसन्सची) आवृत्ती ही एमएसआयवाली शेवटची. २०१९ पासून सगळं क्लिक-टू-रन. अबाउटच्या शेजारी ‘अपडेट ऑप्शन्स’ असं बटण दिसलं तर तुमच्याकडे क्लिक-टू-रन आहे असं समजा. सर्व्हरवर आधीच एखादा ६४-बिट ऑफिसचा तुकडा असेल, अगदी ॲक्सेसचं डेटाबेस इंजिन सुद्धा, तर ३२-बिटचा सेटअप अडू शकतो. तो तुकडा कशासाठी टाकला होता हे विचारूनच काढा.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. रिमोटवरून उंटावरून शेळ्या हाकणारे भरपूर भेटतील. ‘चालतंय की, पुढे जा’ म्हणणारा सीनियर कितीही प्रेमळ असो, त्याच्या भरवशावर सर्व्हर सोडू नका. दुसऱ्या मशीनवरून डीएलएल आणून चिकटवा, रजिस्ट्रीत ही ओळ घाला, असले व्हिडिओ तर बघूच नका. ते एका पॅचपुरतं टिकतं आणि पुढच्या माणसाला अंधारात चाचपडायला लावतं. मला ज्यांनी खरं शिकवलं ते सर आधी कंपॅटिबिलिटीचा तक्ता (व्हॉल्टच्या कोणत्या आवृत्तीसोबत काय चालतं याची यादी) उघडायचे, ओळीवर बोट ठेवायचे आणि मगच कीबोर्डला हात लावायचे. हा तक्ता शोधताना गोंधळ होतो, कारण हे सॉफ्टवेअर केव्हीएस, व्हेरिटास, सिमँटेक, पुन्हा व्हेरिटास आणि आता आर्कटेरा असा प्रवास करून आलंय. जुनी कागदपत्रं जुन्या नावांनी सापडतात. आपल्या नेमक्या आवृत्तीचाच तक्ता धरा.

बाकीचं झटपट. आउटलुक आधी, व्हॉल्ट नंतर. व्हॉल्टच्या सर्व्हिस अकाउंटने लॉगिन करून आउटलुक एकदा उघडा, म्हणजे पहिल्या वेळचे प्रश्न तिथेच संपतात. फक्त आउटलुक टाका, वर्ड-एक्सेलचा पसारा नको. डिप्लॉयमेंट स्कॅनर (सर्व्हर व्हॉल्टसाठी तयार आहे का ते तपासणारं व्हॉल्टचं साधन) चालवा आणि त्याचा अहवाल जपून ठेवा. एक्स्चेंजच्याच सर्व्हरवर आउटलुक टाकायच्या भानगडीत पडू नका.

घाबरून जाण्यासारखं यात काही नाही. विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची मूल्यमापन प्रत मिळते. घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन करा, ३२ आणि ६४-बिटचे दोन्ही सेटअप आळीपाळीने टाकून काढून बघा. हे शिकायला हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याच्या महागड्या क्लासला जायची गरज नाही. विजापूर रोडवरच्या खोलीत बसूनही हात बसतो. अडलं तर विचारा, फक्त विचारताना आवृत्ती, बिट आणि इन्स्टॉलरचा प्रकार पहिल्या ओळीत लिहा. अर्धी उत्तरं तिथेच मिळतात.

आज सुरुवात करणाऱ्यांसाठी एक जास्तीची अडचण आहे. ऑफिस २०१६ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे जुना व्हॉल्ट आणि २०१६ चं आउटलुक ही जोडी चालत असली तरी तिला सुरक्षा पॅच मिळतीलच याची हमी नाही. व्हॉल्टची आवृत्ती वाढवायची असेल तर तिच्या तक्त्यात कोणतं आउटलुक चालतं ते आधी बघा, व्हॉल्टच्या कंपनीच्या सपोर्टकडून लेखी घ्या, आणि तो कागद खरेदी विभागाकडे लायसन्सची ऑर्डर जाण्याआधी पोहोचवा. खरेदीवाल्यांना ऑफिस म्हणजे ऑफिस. बिट आणि इन्स्टॉलरचा प्रकार ऑर्डरवर तुम्हीच लिहून द्यायचा आहे.