रिट्रेड घ्या की रिमोल्ड, आधी या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की गोव्यात फोंड्यापासून कुडचड्यापर्यंत प्रत्येक टायरवाल्याला एकच प्रश्न ऐकावा लागतो: रिट्रेड चांगला की रिमोल्ड? दोन्ही म्हणजे घासलेल्या टायरवर नवं रबर चढवून पुन्हा वापरात आणलेले टायर. मुळात दोन्हींत नवं असतं ते फक्त रबर. गाडीचं वजन पेलतं ते आतलं जुनं केसिंग, म्हणजे टायरचा सांगाडा, आणि नेमकं त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही. आधी भाव विचारतात, मग संध्याकाळपर्यंत गाडी मिळेल का ते विचारतात.

रिट्रेडमध्ये घासलेला माथा (रस्त्याला टेकणारा भाग) खरवडून त्यावर नवा पट्टा बसवतात. कोल्ड पद्धतीत पट्टा आधीच शिजवलेला, म्हणजे उष्णतेने पक्का केलेला असतो. खाली कुशन गमचा (चिकटवणाऱ्या कच्च्या रबराचा) थर देऊन तो चेंबरमध्ये साधारण १०० अंशांवर चिकटवतात. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, जुनीच राहते. रिमोल्डमध्ये कच्चं रबर एका बीडपासून (रिमला धरणाऱ्या कडेपासून) दुसऱ्या बीडपर्यंत, साइडवॉलवरसुद्धा चढवतात आणि टायर साच्यात घालून साधारण १५० अंशांवर शिजवतात. त्यामुळे रिमोल्ड बाहेर पडतो तो अगदी नव्यासारखा.

चकाकी बघून रिमोल्ड घेणं. ही चूक बघून बघून मी कंटाळलोय. वाळपईकडचा एक पिकअपवाला चोर्ला घाटातून बेळगावची भाजी आणतो. "पात्रांव (मालक), टायर नवेच घातलेत, नुसतं बॅलन्सिंग करून द्या, स्टीअरिंग थरथरतं," म्हणाला. मशीनवर वजनं लावत गेलो तरी चाक जागेवर येईना. टायर रिमवरून उतरवला आणि आत बॅटरी मारली. साइडवॉलला आतून तळहाताएवढा पॅच. त्याच्या कडेला बोट फिरवलं तर तुटलेले धागे टोचले. बाहेर त्याच जागी गुळगुळीत काळं रबर, कापल्याची खूणसुद्धा नाही. पुन्हा हवा भरली तेव्हा तिथेच लिंबाएवढा फुगा वर आला. जुनी बनावटीची तारीखही नव्या रबराखाली गेलेली.

"आजचा माल पोचवतो, मग बघू," हे त्याचं उत्तर. तो टायर मी परत चढवला नाही, स्टेपनी लावून पाठवला. भाजीचा भरलेला पिकअप, घाटातलं वळण आणि पुढच्या चाकाला फुगा, यात "मग बघू"ला जागाच नाही.

रिट्रेडची साइडवॉल उघडी असते, भेग असेल तर डोळ्यांना दिसते. म्हणून मला तो जास्त भरवशाचा वाटतो. चांगल्या कारखान्यातला रिमोल्ड वाईट नसतो, पण तो आतूनच तपासावा लागतो. मी रिमवर चढवण्याआधी उजेड धरून आतून पूर्ण फेरा उघड्या हाताने चाचपतो. जो दुकानदार हात घालू देत नाही, त्याच्याकडून टायर घ्यायचा नाही.

गुटके (माथ्यावरचे रबराचे ठोकळे) शिल्लक आहेत म्हणून केसिंग चांगलं समजणं. मार्च २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि उसगाव, साखळी, डिचोली भागात टिपर जागेवर उभे राहिले. टायर फिरले नाहीत, पण म्हातारे झाले. ऊन, पाऊस, कमी हवा आणि एकाच बाजूवर गाडीचा भार. पुढे असे टायर लोक रिट्रेडला घेऊन येऊ लागले: "चाललाच नाही हो, केसिंग एकदम फ्रेश!" साइडवॉल वाकवून बघा, केसासारख्या बारीक भेगांचं जाळं उघडतं. अशा केसिंगवर कितीही महाग पट्टा चढवा, भरलेला ट्रक अनमोड घाटाला लागला की आतले थर सुटायला लागतात.

साइडवॉलवरचे चार आकडे वाचायची सवय लावा. ३५१७ म्हणजे टायर २०१७ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. सहा वर्षांवरचं केसिंग मी रिट्रेडला पाठवत नाही. कारखानावाला "चालतं" म्हणेल, म्हणू दे.

रिट्रेडला केसिंग देताना नंबर न लिहिणं. आपलं चांगलं केसिंग जातं आणि परत दुसऱ्याचंच येतं. साइडवॉलवरच्या नंबराचा फोटो काढून मगच टायर द्या.

ट्रकच्या मागे शेजारी-शेजारी बसणाऱ्या जोडीत एक नवा रिट्रेड, एक घासलेला. उंच टायर जास्त भार घेतो, तापतो आणि आधी जातो. जोडी सारख्याच उंचीची लावा.

असा टायर पुढच्या चाकाला लावणं. मी कुणालाच लावून देत नाही. अमेरिकेत बसच्या पुढच्या चाकांना रिट्रेड लावायला कायद्यानेच मनाई आहे. तरी रिट्रेड म्हणजे टाकाऊ माल असंही नाही. विमानांचे टायरसुद्धा रिट्रेड करून वापरतात.

कमी हवा. रस्त्यावर पडलेला सोललेला पट्टा दिसला की लोक रिट्रेडला शिव्या घालतात. पुष्कळदा दोष हवेचा असतो. हवा कमी झाली की साइडवॉल सारखी वाकते, तापते आणि पट्ट्याचा जोड सुटतो. हवा टायर थंड असतानाच बघा. गरम टायरची हवा वाढलेली दिसली म्हणून काढायला जाऊ नका, थंड झाल्यावर ती कमी पडते.

छोट्या कारवाल्यांना मी रिट्रेडही देत नाही, रिमोल्डही नाही. साधा नवा टायर घ्या, स्वस्तातला चालेल. ट्रकच्या मागच्या चाकांना मात्र आपल्याच, ओळखीच्या केसिंगवरचा कोल्ड रिट्रेड खुशाल लावा. पहिली खेप अर्ध्या भाराने आणि सावकाश मारा. परत आल्यावर पट्ट्याच्या दोन्ही कडांवर नख फिरवा. नख कुठेही आत गेलं तर त्याच दिवशी टायर उतरवून कारखान्यात परत न्या.