कासाब्लांकाची अर्ध्या दिवसाची सहल
मोरोक्कोतील कासाब्लांका शहरात मार्गदर्शकासह अर्ध्या दिवसाची सहल ठरवताना हसन द्वितीय मशिदीची वेळ आधी निश्चित करावी आणि उरलेला कार्यक्रम तिच्या पुढेमागे बसवावा. कारण बिगरमुस्लिम पर्यटकांना आत केवळ ठरावीक वेळच्या मार्गदर्शित फेरीतूनच जाता येते आणि शुक्रवारी या फेऱ्या कमी असतात. सहलीच्या शुल्कात मशिदीचे प्रवेशतिकीट धरले आहे का, हे स्पष्ट विचारून घ्यावे, अन्यथा बाहेरच्या प्रांगणात छायाचित्रे काढूनच परतावे लागते. १९९३ साली पूर्ण झालेल्या, अंशतः अटलांटिक महासागरावर उभ्या असलेल्या या वास्तूचे सरकते छप्पर आणि तळघरातील वजूची (नमाजापूर्वी हातपाय-तोंड धुण्याची) संगमरवरी कारंजी बाहेरून दिसत नाहीत. आत पादत्राणे काढून पिशवीत घालून हातात बाळगावी लागतात, म्हणून सुटसुटीत बूट, मोजे आणि खांदे व गुडघे झाकणारे कपडे असावेत.

त्यानंतर फ्रेंच अमदानीत वसवलेल्या हबूस वस्तीत ऑलिव्हच्या बाजारासाठी सवडीने वेळ ठेवावा. गालिच्यांच्या दुकानात जायचे नसेल, तर ते मार्गदर्शकाला गाडीत बसतानाच सांगावे (नंतर संकोच वाटतो). परतीसाठी लाल रंगाची छोटी टॅक्सी मिळते, मात्र तीत तीनच प्रवासी घेतात.