बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, पाठवायच्या रुग्णाची नोट: आधीची तयारी

आधी पूर्ण नाव, वय आणि केसपेपरचा नंबर ताडून घ्या. एका वॉर्डात दोन नाईक, दोन गावकर असणं गोव्यात रोजचंच. नुसत्या आडनावावर भरवसा ठेवला की रिपोर्ट भलत्याच फाइलला लागतो. वेळ २४ तासांच्या घड्याळाने लिहा.

पहिल्या दोन ओळींत रुग्ण का पाठवलाय आणि पुढच्या डॉक्टरांकडून काय हवंय ते यावं. रात्रीच्या कॅज्युअल्टीत चौथ्या ओळीपुढे क्वचितच कुणी वाचतं.

छातीत दुखत असेल तर दुखणं कधी सुरू झालं, ईसीजी किती वाजता काढला, अ‍ॅस्पिरिन आणि रक्ताची गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज कधी दिलं, हे सगळं हवंच. टेनेक्टेप्लेजचा डोस वजनावर ठरतो, म्हणून किलो आणि मिलिग्रॅम शेजारीशेजारी लिहा. ईसीजीची पट्टी थर्मल कागदाची असते, उष्णतेने किंवा स्पिरिटने खराब होते, झेरॉक्स जोडा.

'ताप, ३ दिवस' एवढ्याने भागत नाही. सत्तरी तालुक्यातला माणूस मार्चमध्ये तापाने आला तर काजूच्या बागेत गेला होता का, आसपास माकडं मेली का, गोचीड चावली का, हे विचारून लिहा; तिथे २०१५ मध्ये माकडतापाचे (गोचिडीतून पसरणाऱ्या विषाणूच्या तापाचे) रुग्ण सापडले होते. पावसाळ्यात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) दृष्टीने शेतातल्या पाण्यात उतरणं आणि पायाची जखम विचारा. उत्तर 'नाही' आलं तरी लिहा. जागा रिकामी सोडली की विचारलंच नाही, असं धरलं जातं.

'ऑक्सिजन ९५' हे अर्धवटच: साध्या हवेवर की मिनिटाला ४ लिटर ऑक्सिजनवर? 'लघवी बरी' याला तर काहीच अर्थ नाही. ६ तासांत किती मिलि झाली ते मोजा. ६० किलोच्या माणसाची ताशी ३० मिलिच्या खाली गेली तर ते ठळक लिहा. इन्सुलिनच्या आकड्यापुढे 'युनिट' पूर्ण लिहायचं, नाहीतर इंग्रजी यू शून्यासारखा दिसून १० चे १०० होतात. ०.५ मधला पहिला शून्य गाळू नका, आणि ५ ला ५.० करू नका, तो ५० वाचला जातो. अ‍ॅलर्जी असेल तर औषध कोणतं आणि नेमकं झालं काय, पुरळ की दम? 'स्टेबल' हा शब्द आमच्या मते बादच करावा; नाडी आणि बीपी लिहिलं की त्याची गरज उरत नाही.

चुकलेल्या शब्दावर एकच रेघ, शेजारी सही आणि वेळ. व्हाइटनर अजिबात नको. कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) पाठवलं असेल तर रिपोर्ट कोण बघणार आणि कुणाला फोन करणार, हेही लिहा. एक प्रत फाइलला, दुसरी १०८ रुग्णवाहिकेवरच्या माणसाच्या हातात, नातेवाइकांच्या पिशवीत नाही.