खोट्या नाण्यांच्या खटल्यातला जबाब कसा वाचावा : सतराव्या शतकातले इंग्लंड

इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात खोटी नाणी पाडल्याच्या किंवा खरी नाणी कातरल्याच्या संशयावरून धरलेल्या माणसांचे जबाब आजही मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत. ते वाचणाऱ्याची फसगत बहुधा पहिल्याच पानावर होते, कारण आपण संशयिताची हकिकत वाचतो आहोत असे त्याला वाटते. प्रत्यक्षात कागदावर असतात ती कोणीतरी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे, आणि तीही कारकुनाने तृतीय पुरुषात उतरवलेली. प्रश्न मात्र लिहिलेले नसतात. म्हणून समास सोडून जबाबाची नक्कल करून घ्यावी आणि प्रत्येक वाक्यासमोर त्यामागचा संभाव्य प्रश्न लिहीत जावे. पुढचे सगळे काम या एका सवयीवर अवलंबून आहे.

ही सवय नकारांच्या बाबतीत सर्वाधिक उपयोगी पडते. माडीवरच्या खोलीत आपण कधी कात्री पाहिली नाही, असे एखादी स्त्री सांगत असेल, तर माडी आणि कात्री हे दोन्ही शब्द तिने आपणहून काढलेले नसण्याचीच शक्यता अधिक. ते आधी दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून दंडाधिकाऱ्याच्या कानावर गेलेले असतात. नकार जितका नेमका, तितकी चौकशी करणाऱ्याकडे आधी पोहोचलेली माहितीही नेमकी, असे धरून चालावे आणि मग त्याच गड्डीतला तो आधीचा जबाब शोधावा. कानावर हात ठेवणारी, ‘नरो वा कुंजरो वा’ थाटाची उत्तरेही वगळू नयेत, कारण माणूस कोणत्या प्रश्नाशी मोघम झाला हे त्यांतून कळते.

जबाब कोणी आणि कशासाठी घेतला, हे त्यानंतर पाहावे. १५५५ च्या कायद्याने जस्टिस ऑफ द पीस या स्थानिक दंडाधिकाऱ्यावर कैद्याची व फिर्यादी पक्षाची चौकशी करण्याची आणि गुन्हा शाबीत होण्यास उपयोगी पडेल तेवढा मजकूर दोन दिवसांच्या आत लिहून काढण्याची जबाबदारी टाकली होती. ‘उपयोगी पडेल तेवढा’ ही अट विसरून चालत नाही; संशयिताच्या बाजूने जाणारी गोष्ट कागदावर नाही, याचा अर्थ ती बोललीच गेली नाही असा होत नाही. साक्षीदार शपथेवर बोलत, संशयित शपथेविना. शेवटी सही आहे की नुसती खूण, हेही टिपून ठेवावे, कारण खूण करणाऱ्याला तो मजकूर स्वतः वाचता आला असेलच असे नाही. कोठडीत छळ करून हे सारे वदवून घेतले असेल, अशी शंका आपल्याकडच्या वाचकाला हटकून येते. पण इंग्लंडमध्ये छळाची परवानगी खास राजाज्ञेनेच मिळे आणि तशा आज्ञा १६४० नंतर निघालेल्या दिसत नाहीत. दडपण होते ते दुसऱ्याच प्रकारचे.

ते समजण्यासाठी आरोप तपासावा. नाणे पाडणे १३५१ पासून राजद्रोह होता. कडा कातरणे आणि कानशीने घासणे यांना एलिझाबेथच्या काळात, १५६२ च्या कायद्याने, पुन्हा तोच दर्जा मिळाला. पुरुषाला फाशी होई आणि स्त्रीला जाळण्याची शिक्षा होती, जी थेट १७९० मध्ये रद्द झाली. खोटे नाणे बाजारात खपवणे हा मात्र बराच हलका गुन्हा होता. त्यामुळे नाणे आपल्याला कोणी दिले ते सांगायचे, पण ते घडताना आपण पाहिले नाही असेही म्हणायचे, ही बतावणी जबाबांमध्ये वारंवार भेटते. ती खोटीच असते असे नाही. पण तिच्या मागे मान वाचवण्याचा हिशेब असतो.

१६९५ च्या कायद्याने या हिशेबात बक्षिसाची भर घातली. गुन्हा शाबीत करून देणाऱ्यास ४० पौंड मिळू लागले, जे साध्या मजुराला वर्षभरातही मिळत नसत. शिवाय मोकळ्या असलेल्या गुन्हेगाराने आणखी दोघांना दोषी ठरवून दिले, तर त्याला माफी. म्हणून या वर्षानंतरच्या जबाबात नावांची रांग दिसली, की प्रत्येक नावासमोर दोन गोष्टी नोंदवाव्यात : ते सांगणारा त्या वेळी तुरुंगात होता का, आणि ज्याचे नाव घेतले त्यानेही उलट याचे नाव घेतले आहे का. माफीच्या साक्षीदाराची साक्ष दुसऱ्या वाटेने आलेल्या तपशिलाशी जुळली, तरच तिच्यावर भार टाकावा.

सरावासाठी आयझॅक न्यूटनच्या कागदांइतके चांगले साहित्य नाही. १६९६ मध्ये तो लंडनच्या टांकसाळीचा वॉर्डन, म्हणजे तिथला एक वरिष्ठ अधिकारी, झाला आणि खोटी नाणी पाडणाऱ्यांचा पाठलाग, आधी नाखुशीने पण पुढे विलक्षण चिकाटीने, करू लागला. त्याच्या कारकिर्दीतले शेकडो जबाब क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत खोटी नाणी पाडणाऱ्या विल्यम चॅलोनरविरुद्ध गोळा केलेले जबाब एकापाठोपाठ वाचले, की त्याच्या जुन्या साथीदारांची आणि ओळखीच्या माणसांची बोलणी जोडत न्यूटनने प्रकरण कसे उभे केले ते दिसते. चॅलोनरला मार्च १६९९ मध्ये टायबर्न या लंडनच्या वधस्थळी फाशी झाली. त्या काळच्या कागदांवर मात्र वर्ष १६९८ आढळेल, कारण १७५२ पूर्वी इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. जबाबांचा क्रम लावताना जानेवारी ते मार्चच्या तारखा आधी दुरुस्त करून घ्याव्यात, नाहीतर उत्तर प्रश्नाच्या आधी येते.

अवजारांची नावे गुन्ह्याचा प्रकार सांगतात. कात्री, कानस आणि चांदीच्या कतरणीचा उल्लेख असेल, तर प्रकरण हाताने ठोकलेल्या जुन्या नाण्यांच्या कडा काढण्याचे. मूस आणि साचे ओतकामाचे. ठसे आणि कडेवर अक्षरे उमटवण्याचे साधन म्हणजे यंत्रावर पाडलेल्या नव्या नाण्यांची नक्कल. १६६२ पासून मोठ्या नाण्यांच्या कडेवर अक्षरे येऊ लागली ती कातरणे उघड व्हावे म्हणूनच. १६९७ पासून अशी अवजारे बाळगणे हाच राजद्रोह ठरला. त्यामुळे त्यानंतरच्या जबाबांत अवजार कोणाच्या खोलीत, कोणत्या पेटीत सापडले यावर प्रश्नांचा रोख दिसेल.

जबाबातून खटल्याचा निकाल कळत नाही. लंडनमधल्या प्रकरणासाठी ओल्ड बेली या तिथल्या फौजदारी न्यायालयाच्या १६७४ पासून छापल्या गेलेल्या कार्यवाहीत नाव शोधावे. उत्तरेकडच्या प्रकरणासाठी तिकडच्या असाइझ, म्हणजे फिरत्या, न्यायालयांचे कागद पाहावे लागतात. तेव्हा नावांचे शुद्धलेखन ठरलेले नव्हते, म्हणून तीनचार तऱ्हांनी शोध घ्यावा, आणि आरोपीचे नाव हाती लागले नाही तर जबाबातल्या साक्षीदारांची नावे घालून पाहावे.